नितळ पाणी

पडद्यावरची पाण्याच्या उंचीची रेघ सरळसोट होती आणि विभागप्रमुख तिच्यावर जाम खूश होते. पाणी भिंतीच्या वर कुठंच जात नाही, बुटकी भिंत पुरे, असं ते पाहुण्या इंजिनिअरला घोळवून घोळवून सांगत होते.

शेजारी काचेच्या लांब हौदात पाणी धरणाच्या नमुन्यावरून कोसळत होतं. नुसतं पिसाळलं होतं. अशा पाण्याची रेघ सरळ? संशोधक पोरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पाण्याला न शिवता मापायचं, म्हणून वरून लेझर सोडलेला. पण नितळ पाणी लेझरला दिसतच नाही. तो आरपार जातो आणि खालचा तळ मापून येतो. म्हणून पाण्यात पांढरी पूड कालवायची असते. सकाळी तिनं पोतं उघडलं, तर सरांनी ते कपाटात कोंडून किल्ली खिशात घातली. पाहुण्यांसमोर गढूळ पाणी शोभत नाही म्हणे. तिनं परोपरीनं समजावलं. त्यावर, साप साप म्हणून भुई धोपटू नकोस, असं ऐकून घ्यावं लागलं. भुई तर तेच मापत होते!

पाहुण्यानं मंजुरीच्या सहीसाठी पेन काढलं. खरी भिंत जिथं बांधली जाणार होती, तिथं मागेच पोरीच्या आत्याचं घर होतं. आत्याचंच कशाला, अख्खी वस्ती होती.

कोपऱ्यात चहासाठी दुधाचा भला मोठा कॅन ठेवलेला. तिनं तो उचलला आणि कुणी अगं-अगं म्हणेपर्यंत हौदात उपडा केला.

पाणी पांढरं होत गेलं. पडद्यावरची रेघ थरथरली, उठली आणि भिंतीच्या उंचीच्या लाल खुणेवरून उड्या मारायला लागली.

"पाणी नासवलंस," विभागप्रमुख दातओठ खात म्हणाले. "उद्यापासून इथं पाऊल ठेवायचं नाही."

"नाही ठेवणार. पण सर, इतका वेळ तुम्ही यांना तळ दाखवत होता. पाणी हे आहे."

सर पंप बंद करायला धावले.

"राहू द्या चालू," पाहुणा म्हणाला आणि त्यानं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

चहा आला तो कोराच. पाहुण्यानं तो रेघेवरची नजर न काढता निमूट प्यायला. पेन केव्हाच खिशात गेलं होतं.