मधली जागा

काशीत दुर्गाघाटाच्या गल्लीत मोटार शिरत नाही, तरी शरदिनीबाईंनी एका साहेबाची जुनी छोटी मोटार स्वस्तात घेतलीच. ती हमरस्त्यावर उभी असे.

"तिघं बसतो, पण पेट्रोल पाचांचं पिते," पुढून मोटार हाकणारा त्यांचा मुलगा ढुंढिराज कुरकुरला.

गरोदर सुनेला, बकुळला, माहेरी पोचवायचं होतं. ती मागे दाराला चिकटली होती. "सासूबाई, सरका ना. बाळ दबतंय."

शरदिनीबाई पलीकडच्या दाराशी होत्या. मधे हातभर जागा मोकळी.

"नखरे मेले!" म्हणत त्यांनी करंडा उघडून तिला कुंकू लावलं. करंडा उघडला की शेजारची एकही सवाष्ण वगळायची नाही, ही घरची रीत.

"घे बाई, तूही लाव," असं चेष्टेनं म्हणून त्यांनी मधल्या हवेत बोट नेलं.

बोट अडलं. गार, ओलं कपाळ कुंकवासाठी किंचित पुढं झुकलं.