घरघर

“अजून येतेय,” बाबा म्हणाले. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या पत्र्यावर तळहात टेकवून ते खुर्चीत पुढे झुकले होते. “बारीक आहे, पण आहे. घर्र... घर्र...”

त्याने कान लावला. त्याला काहीच ऐकू आलं नाही. पण हल्ली त्याचा स्वतःच्या कानांवर भरवसाच उरला नव्हता. आठवड्याचे सहा दिवस हेडफोन लावून तो परक्या लोकांच्या बैठका ऐकायचा आणि त्यांचं बोलणं टाइप करायचा. संध्याकाळी हेडफोन काढले तरी डोक्यात कोणी ना कोणी बोलतच असायचं.

“उघडू या परत?” बाबांनी विचारलं.

“उघडू या,” तो उसासा टाकून म्हणाला आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन फरशीवर बसला.

घर दोन खोल्यांचं. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, आणि तिथेच त्याच्या पाठीमागे भिंतीला लागून बाबांची कॉट. आई गेल्यावर बाबा मुला-सुनेकडे राहायला आले. माणूस इतका समजूतदार, की मुलाच्या कामात व्यत्यय नको म्हणून टीव्हीसुद्धा आवाज पार बंद करून बघायचा. कशाबद्दल म्हणून तक्रार नाही. एवढंच एकदा म्हणाले, “तुझ्या त्या खोक्याची फार घरघर होते रे. डोकं उठतं.”

जुनं मशीन खरंच दमेकऱ्यासारखं धापा टाकायचं. बाबांचा उभा जन्म पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या कारखान्यात गेला होता. आता तरी त्यांच्या जिवाला शांतता मिळावी, असं त्याला वाटलं. अजिबात आवाज न करणारं नवं मशीन स्वतःच जोडायचं त्याने ठरवलं.

कॅबिनेट बाबांनीच पसंत केलं. दुकानातलं सगळ्यांत मोठं, कमरेएवढं उंच. दुकानदार म्हणाला, यात मोठे पंखे बसतात, ते सावकाश फिरतात, म्हणून आवाज कमी. बाबांचं कारण वेगळंच होतं. “दोघांचे हात एकदम आत जातील,” ते म्हणाले.

पहिल्या रविवारी बापलेकांनी मिळून ते जोडलं. बाबांनी टॉर्च धरला, स्क्रू वाटीत वेगवेगळे करून ठेवले. प्रोसेसर का तापतो, त्याच्या डोक्यावर एवढा मोठा पंखा कशाला, हे तो सांगू लागला की बाबा त्याच्या तोंडाकडे टक लावून, परीक्षेला बसायचं असल्यासारखे ऐकत. मध्येच त्यांना कारखान्यातली एखादी गंमत आठवे. एकदा तर, त्याच्या आईला ते पहिल्यांदा बघायला गेले होते तेव्हाची फजिती त्यांनी सांगितली आणि दोघंही हातातलं काम सोडून हसत बसले.

मशीन सुरू झालं. बाबांनी पत्र्यावर हात ठेवला. “खालच्या बाजूने येतेय.”

आणि खरंच, जुन्या मशीनमधून काढून तळाशी बसवलेली हार्ड डिस्क थरथरत होती. काय तिखट कान आहेत म्हाताऱ्याचे, त्याला नवल वाटलं.

पुढच्या रविवारी ती डिस्क काढून आत काहीही न फिरणारी नवी बसवली. मग मागचा पंखा बदलला. मग सगळ्या पंख्यांना रबरी वॉशर लावले. मग आतून फोमचं अस्तर चिकटवलं. बाबांचं आपलं एकच पालुपद, “अजून येतेय.”

आज अस्तराच्या कडा पुन्हा दाबून, वायरी बांधून त्याने झाकण लावलं आणि मशीन सुरू केलं, तेव्हा त्याची कंबर धरली होती. बायको दारात येऊन उभी राहिली.

“आठवड्यातून एक दिवस मिळतो तुला. तोही या डबड्यात डोकं घालून काढतोस. मला तर काही ऐकू येत नाही.”

“बाबांना येतं.”

त्याला एकदम काहीतरी सुचलं. त्याने कॅबिनेटमागे हात घालून गुपचूप वायर उपटली. सगळे पंखे थांबले.

“आता, बाबा?”

बाबांनी क्षणभर डोळे मिटले. “आता जरा कमी झाली. पण येतेय हं.”

त्याला राग आला नाही. त्याला भीती वाटली. बायकोने त्याला आतल्या खोलीत बोलावलं आणि हळूच म्हणाली, “काही जणांना नसलेले आवाज ऐकू येतात. त्यांचे कान दाखवून घे एकदा.”

दुसऱ्या दिवशी कामाला खाडा करून तो बाबांना घेऊन कानाच्या दवाखान्यात गेला. बाबा नाखूशच होते. “माझे कान ठणठणीत आहेत,” ते वाटेत पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

डॉक्टरबाई वयस्कर आणि शांत होत्या. त्याने त्यांना सगळं सांगितलं. कान फार तिखट आहेत, आणि आता तर बंद मशीनचीही घरघर ऐकू येते. बाईंनी कान तपासायला बाबांना काचेच्या खोलीत नेलं; आवाज आला की बटण दाबायचं होतं. तो बाहेरच्या बाकावर बसला आणि भिंतीला डोकं टेकून त्याने डोळे मिटले.

दार वाजलं तेव्हा बाई एकट्याच बाहेर आल्या होत्या. काचेपलीकडे बाबा हेडफोन लावून, हातातल्या बटणाकडे बघत बसले होते.

“आधी सगळी उत्तरं बरोबर आली,” त्या म्हणाल्या. “मग माझ्या लक्षात आलं, मी आवाज सोडते तेव्हा ते माझ्या हाताकडे बघून बटण दाबतायत. त्यांना पाठमोरं बसवलं. एकदाही दाबलं नाही.”

“म्हणजे?”

“दोन्ही कान गेलेत. निदान चार-पाच वर्षं झाली असतील. ते ओठ वाचतात.” बाईंनी काचेकडे एकदा बघितलं. “मी विचारलं, मग ही घरघर कसली? तर म्हणाले, ‘मुलाला सांगू नका. माझे रविवार जातील.’”