न घटलेलं तेल

मापवाल्या काकांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तेलाची बाटली ठेवली आणि कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. दोनशे बारा ग्रॅम. काल दोनशे बारा. परवाही तेवढेच.

काटाच बिघडला असेल म्हणावं, तर साखरेचा किलोचा बंद पुडा ठेवून त्याचीही परीक्षा घेऊन झाली होती. तेहतीस वर्षं दुकानादुकानांतून वजनं-मापं तपासत हिंडलेला माणूस. गल्लीत त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, पण मापवाले काका म्हटलं की पोरंसोरंही घर दाखवत.

काकूंचा डावा हात आजारपणात लुळा पडला, त्याला चार महिने झाले होते. जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून मालिशवाल्या बाई रोज सकाळी तासभर येत आणि खोलीचं दार लावून घेत. आणि तासाभराच्या मालिशीला तेलाचा एक थेंब लागत नव्हता.

एकदा डोक्यात शंका शिरली की डोळ्यांना भलतंच दिसू लागतं. बाई येत तेव्हा त्यांचे खांदे पडलेले असत, चेहरा ओढलेला. जाताना मात्र ताठ आणि टवटवीत. राबून कुणी टवटवीत होतं का? काकांनी टॉवेल हुंगून पाहिला, त्याला नुसता साबणाचा वास. काकूंना विचारलं तर "बरं वाटतंय हो," एवढंच. हात दाखव म्हटलं की तो चादरीखाली जाई.

आज बाई आल्या तेव्हा काकांनी नेहमीसारखी बाटली त्यांच्या हातात दिली आणि खिशातून एक घडी केलेला कागद काढला. पहिल्या दिवशी बाईंनीच दिलेला, मसाजचे प्रकार आणि त्यांचे फायदे छापलेला. तेलाचा, आखडलेल्या सांध्यांसाठी. कोरडा, रक्त खेळतं राहण्यासाठी. खोल दाबाचा, जुन्या दुखण्यांसाठी. गरम दगडांचा, शांत झोपेसाठी. काकांनी ओळीओळीखाली पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या.

"बाई, यातला आमच्याकडे कुठला चाललाय?"

बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग खोलीच्या दाराकडे.

"सध्याचा यात नाही, काका."

"यात नाही?"

"छापणाऱ्याला जेवढे माहीत होते तेवढे त्याने छापले," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. दार लागलं.

आता संशयाला जागाच उरली नाही. उरलेले दोन महिनेही ही बाई अशीच गप्पांत घालवणार. काकांनी मनातल्या मनात वाक्य जुळवलं, उद्यापासून येऊ नका. चपला काढून ते दाराशी जाऊन उभे राहिले. स्वतःच्याच घरात चोरासारखं उभं राहताना त्यांचे कान तापले.

आत आधी कुजबुज झाली. मग कुणीतरी कण्हलं.

"आई गं!"

काकांचा हात दाराकडे गेला.

"हां, तिथंच... जरा खाली."

आवाज काकूंचा नव्हता.

हात लागताच दार उघडलं; ते नुसतं लोटलेलं होतं. इतक्या दिवसांत त्यांनी ते ढकलून पाहिलंच नव्हतं.

बाई स्टुलावर पाठ करून, डोळे मिटून बसल्या होत्या. मागे पलंगाच्या कडेवर काकू. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि डावा बाईंच्या मानेखाली. बोटं थरथरत होती, पण दाबत होती. तेलाची बाटली खिडकीत तशीच उभी होती.

"झालं! आले तपासायला," काकू म्हणाल्या.

"हे काय? कोण कुणाची मालिश करतंय?"

बाई ओशाळून उठल्या. "काकूच करतात. नुसता चेंडू दाबून माणूस कंटाळतो हो. समोरचा कण्हला की हाताला जोर येतो. तेल लावलं तर पकड सुटते."

"मग बाटली कशाला घेऊन जाता रोज?"

"तुम्ही हातात देता म्हणून."

काका काकूंकडे वळले. "आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर रोज संध्याकाळी समोर बसला असता. काल केवढं, आज केवढं. तुम्ही बघायला लागलात की माझी बोटं आखडतात."

काकांना पटेना. दारातून घाईघाईत पाहिलेलं काय, माणूस हवं ते पाहतो. उजव्या हाताने रेटून मग डावा वर ठेवला असेल. दोघी मिळून ठरवलेलं बोलत असतील.

"मला दाखव," ते म्हणाले.

"दाखवते की. बसा तिथं. पाठ करून."

काका स्टुलावर बसले. मानेखाली मधोमध एक हात टेकला. आधी हलका, मग अंगठा आत रुतला, अगदी तिथेच, जिथे वर्षानुवर्षं काट्यांवर वाकून गाठ बसली होती. काकांच्या तोंडून नकळत कण्हणं निघालं. अंगठा थांबला आणि पुन्हा दुप्पट जोराने दाबू लागला.

"आता ओळखा," मागून काकू म्हणाल्या. "कुठला हात?"

काकांनी श्वास रोखून अंदाज घेतला. थरथर होती, पण ती हाताची की त्यांच्याच मानेची, कळेना. नुसती मान वळवली असती तरी समजलं असतं.

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"जरा खाली," ते म्हणाले.