जागच्या जागी

"पण आपण निघणार कधी?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"यान हलत नाही, आई. ते वर स्थिर राहतं आणि खालून पृथ्वी फिरते," त्यांची सून शर्वाणी म्हणाली. "नैरोबी खाली आली की आपण उतरायचं. तो आपला थांबा. मधला समुद्र हा नुसता टप्पा."

नैरोबीत द्वारकाबाईंच्या लेकीला मुलगी झाली होती. पाय गेल्यापासून त्यांची देवळातली प्रदक्षिणासुद्धा सुटली होती. आता खिडकीखालून अख्खा अरबी समुद्र आवाज न करता सरकत होता.

"आरती झाल्यावर आपण जागच्या जागी फिरतो ना, तशी फिरतेय ही पृथ्वी," त्या पुटपुटल्या. "पण हिच्यासमोर देव कुठला?"

"आत्ता तरी आपणच आहोत, आई."

द्वारकाबाईंनी खिडकीकडे पसरलेले आपले लुळे पाय दोन्ही हातांनी उचलून हळूच मागे घेतले.