मधली सीट

मुलांना ऊन लागतं म्हणून धम्मरत्नने काळेवाडीत गाडीच्या मागच्या काचांना काळी फिल्म लावून घेतली. मग मितू आणि धाकट्या सुजातला मागे बसवून तो भर दुपारी पुनावळ्याला घरी निघाला. तेवढ्यात सीटबेल्टचा इशारा वाजू लागला. मागे मधल्या सीटवर कुणीतरी बेल्ट न लावता बसलंय, असं गाडी सांगत होती.

"मितू, मध्ये दप्तर ठेवलंस का गं?"

"नाही पप्पा. मध्ये काहीच नाहीये."

त्याने गाडी कडेला घेतली आणि वळून पाहिलं. सीट रिकामी होती. वाटलं, आत तापल्यामुळे सेन्सर बिघडला असेल, म्हणून त्याने मागच्या काचा खाली केल्या. ऊन आत आलं आणि आवाज थांबला. काचा वर केल्या, तसा तो पुन्हा सुरू झाला. त्याने पुन्हा एकदा काचा खाली-वर करून पाहिल्या; तेच झालं.

दाराला चिकटून बसलेला सुजात कुरकुरला, "सरक ना जरा!" तो मितूशी बोलत नव्हता.

"दोघंही खाली उतरा," धम्मरत्न कसाबसा म्हणाला.

"थांबा पप्पा, मी करते." मितूने मधला बेल्ट ओढून खटकन लावला. आवाज बंद झाला.

धम्मरत्नने आरशात पाहिलं. रिकाम्या सीटवरचा पट्टा वीतभर पुढे ताणलेला होता आणि संथपणे वर-खाली होत होता.