एका उन्हाळ्याचं गाणं

दोघी बहिणींनी मिळून गायलेलं एकच गाणं गाजलं. उन्हाळा लागताच ते लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं, सलूनपासून लग्नाच्या हॉलपर्यंत सगळीकडे वाजलं आणि शाळा उघडायच्या आत यादीतून गायबही झालं. पण तेवढ्यात पोस्टरवर पुढे कुणी उभं राहायचं यावरून दोघींचं फाटलं. धाकटी नको ते बोलून बसली आणि थोरलीने अबोला धरला. पुढे एकेकटीने गाऊन पाहिलं, पण ना हिचं चाललं, ना तिचं.

आता धाकटीचे केस पिकलेत. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. आज दुकानातल्या रेडिओवर अचानक तेच गाणं लागलं. कडव्यातला थोरलीचा आवाज कानावर पडला आणि तिला राहवेना. गिऱ्हाइकाला तसंच दुसऱ्याच्या हवाली करून तिने थोरलीचं घर गाठलं.

दार थोरलीनेच उघडलं. बहिणीला पाहून तिचे डोळे भरून आले, पण ती काही बोलली नाही.

"ताई, चुकलं माझं," धाकटी म्हणाली. "एवढ्याशा गाण्यापायी आपण अख्खा जन्म घालवला गं. आता तरी बोल माझ्याशी."

 

थोरलीने तिचा हात घट्ट धरला आणि गळ्याभोवतीचा रुमाल हळूच खाली केला. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज कायमचा गेला होता.