पंधरा शब्द

सकाळी सव्वादहाला बॉक्सिंग क्लबच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांचे आकडे वाचून दाखवले. एकाच घरात राहणारे, एकाच वजनगटात लढणारे दाजी आणि त्यांचा मेहुणा समोर बसले होते. पंधरा शब्द ऐकायचे, वीस मिनिटांनी आठवून सांगायचे. मेहुणा: मोसमाच्या सुरुवातीला अकरा, आता चौदा. दाजी: तेव्हा नऊ, आता नऊ.

“चौदा!” मेहुण्याने टेबलावर थाप मारली. “दाजी, ताईला सांगू नका हां. सामानाची यादी तोंडीच देईल.”

दाजी हसले नाहीत. संघात या वजनाची जागा एकच होती, आणि ती रविवारी या दोघांत ठरणार होती.

गेले दहा आठवडे दोघं रोज कॅप्सूल घेत होते. ठोसे खाणाऱ्यांचा मेंदू माशाच्या तेलाने शाबूत राहतो का, हे डॉक्टरांना पाहायचं होतं. निम्म्यांना खरं तेल, निम्म्यांना साधं; कुणाला कोणतं, ते बाईंनाही ठाऊक नव्हतं. दाजींना मात्र चौथ्याच दिवशी कळलं. जेवताना मेहुण्याने ढेकर दिला आणि माशाचा वास सुटला. दाजींच्या ढेकराला कसलाच वास नव्हता. म्हणजे इथेही यालाच! पायांची चपळाई याला, प्रशिक्षकांची शाबासकी याला, वर घरात बायकोचं उठताबसता ‘माझा भाऊ, माझा भाऊ’. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना दाजींनी दोन्ही बाटल्या ओट्यावर ओतल्या आणि एकाच्या कॅप्सूल दुसऱ्याच्या बाटलीत भरून ठेवल्या. तेव्हापासून माशाचे ढेकर त्यांना येत होते.

“तुमचंही उत्तम आहे,” बाई त्यांना म्हणाल्या. “छत्तिसाव्या वर्षी, इतका मार खाऊन, एका शब्दाचीही घसरण नाही. लढायला माझी हरकत नाही. इथे सही करा.”

दाजींनी पेन उचललं आणि हात तिथेच राहिला. पहिल्या वेळी त्यांनी चार-पाच शब्द मुद्दाम गिळले होते. जुने बॉक्सर हेच करतात. पहिला आकडाच कमी ठेवला की पुढे डोक्याला लागलं तरी कागदावर काही दिसत नाही, आणि कुणी बाहेर बसवत नाही. या वेळी मात्र मेहुण्याची जिरवायची म्हणून त्यांनी जिवाचा आटापिटा केला होता. एकही शब्द गिळला नव्हता, तरी नऊच.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“काही नाही.” त्यांनी सही केली.

जिन्यात मेहुण्याची टकळी चालूच होती. “छत्री, लिंबू, हातोडा, पाल, खिडकी...”

दाजी थांबले. “छत्री? छत्री कधी म्हणाल्या त्या?”

“काय दाजी, फिरकी घेता? सुरुवातच छत्रीपासून होती.”

लढत रविवारी सकाळी नऊला. शनिवार संध्याकाळच्या यादीत दोन्ही नावं कायम आहेत.